वेताची खुर्ची

“अहाहा! ना हॉटेल, ना हॉर्न, ना माणूस!” पडवीतल्या वेताच्या खुर्चीत पाय पसरत नवरा म्हणाला.

बायकोने समोर पाहिलं. खरंच काही नव्हतं. वाळू, माड आणि दुपारी डुलकी लागल्यासारखा समुद्र. एवढ्यासाठी ती दोघं सकाळपासून खडक आणि खाडीचा चिखल तुडवत आली होती. बॅगा, ज्या घरी ती उतरणार होती तिथल्या मालकिणीच्या दिरांच्या डोक्यावर होत्या. ‘रस्ता नाही म्हणूनच किनारा वाचलाय,’ असं नवरा वाटभर धापा टाकत सांगत होता. कुणाला, तर ज्यांच्या डोक्यावर त्याची बॅग होती त्यांनाच.

रस्ता मंजूर झाला होता. नवऱ्याच्या ‘किनारा वाचवा’ समितीने हरकत घेऊन तो अडवला. आता शहरात शेवटची सुनावणी होती. तिथे नवऱ्याचं भाषण रंगलं, की रस्ता कायमचा बारगळणार होता.

भाषण अर्थातच बायकोने लिहिलं होतं. लग्नापासून त्याची सगळी भाषणं तीच लिहीत आली होती. या गृहस्थाला दोन वाक्यं धड जुळवता येत नसत. पण टाळ्या पडल्या की मान अशी झुकवायचा, जणू रात्रभर जागून त्यानेच लिहिलंय. एकदाही, चुकूनसुद्धा, त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. त्या आयतेपणाची तिला किळस यायची. तरी ती लिहायची. टाळ्या आपल्याच वाक्यांना पडतात, एवढं तिला पुरायचं.

घरमालकीण तळलेले मासे घेऊन आली. उतारवयाची, मोजकं बोलणारी बाई. नवऱ्याला श्रोता मिळाला. त्याने लगेच खिशातून कागद काढला.

“‘रस्ता म्हणजे विकास नव्हे, ती जखम आहे! शांतता हीच इथल्या माणसांची श्रीमंती. त्यांना दुसरं काही नको आहे!’”

या बाईला त्यातलं काय कळणार, असं बायकोच्या मनात आलं. वाक्यं मात्र झकास उतरली होती.

बाईने माशांची ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली.

“मावशी, ही खुर्ची मला द्या हो,” नवरा वेतावरून हात फिरवत म्हणाला. खुर्चीच्या दोन्ही अंगांना लांब बांबू बांधलेले होते. “आमच्या बाल्कनीत काय शोभेल! बांबू तेवढे कापून टाकू.”

बायकोने कपाळाला हात लावला. याला कुठे काय मागावं, याचाही पोच नव्हता.

“न्या की,” बाई म्हणाली. “रस्ता झाला की न्या. आजारी माणसाला आम्ही हिच्यातूनच नेतो. गेल्या पावसाळ्यात सुनेला नेलं. अडली होती बिचारी. खाडीपर्यंतसुद्धा पोचली नाही.”

नवरा ताडकन उठला आणि बांबूला अडखळला. मासे तसेच निवत राहिले.

बाईने त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

“आम्हाला दुसरं काही नको, असं लिहिलंय म्हणता. कुणी लिहिलं हे?”

नवऱ्याने कागदाकडे पाहिलं. मग बायकोकडे.

“हिने,” तो म्हणाला. “शब्दन्‌शब्द हिचा आहे.”