आधी विचारायचं

लेक अंगानं सतरा वर्षांची, समजेनं पाचेक वर्षांची. दूधवाला असो की रिक्षावाला, माणूस दिसला की मारलीच मिठी. लोक कौतुकानं हसायचे आणि आई घाईघाईनं तिला मागे ओढायची.

मग रोज घरात तालीम. “कुणी अंगाशी आलं की हात पुढे करायचा, ‘नको’ म्हणायचं. आधी विचारू दे त्याला.” लेक शहाण्यासारखा हात पुढे करायची, ‘नको’ म्हणायची आणि लगेच खिदळत आईच्याच गळ्यात पडायची.

आज बेकरीत बिस्किटांचे पुडे भरायच्या कामाचा तिचा पहिला दिवस. सोबत आई नाही. सुट्टी व्हायच्या कितीतरी आधी आई बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

लेक बाहेर आली, डोक्यावर कामाची टोपी तशीच. आई दोन्ही हात पसरून धावली.

लेकीनं हात पुढे केला. “नको.”

“अगं, मी आहे! आई!”

“आई असली तरी. आधी विचारायचं.”

आई जागच्या जागी थांबली. दिवसभर टांगणीला लागलेला तिचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.