होडीवाल्या मुलाचा आवाज

"यात तू कुठे आहेस?" बाबांनी मानेला यंत्र टेकवून विचारलं. ऋजुता रांगत होती तेव्हा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते असंच सपाट, घरघरत बोलत. थिएटरात आजूबाजूच्या सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही.

"होडीवाला मुलगा मीच आहे, बाबा." जपानी कार्टूनपटातल्या मुलांना इंग्रजीत बहुतेकदा बायकाच आवाज देतात. या मुलाच्या ओठांशी इंग्रजी शब्द जुळवता जुळवता तिचा घसा बसला होता.

"तो तर तुझ्या आईच्या आवाजात बोलतोय."

नव्या थिएटरांत हेच चाले. तिकीट काढताना घरातली जुनी रेकॉर्डिंग वापरायला परवानगी दिली, की नायक ज्याला त्याला आपल्या माणसाच्या आवाजात ऐकू येई. हुंदका ऋजुताचा, आवाज मात्र वारलेल्या आईचा. रागवावं तरी कुणावर?

तिने आपला हेडफोन लावला. तिलाही आईच ऐकू यायला हवी होती. पण मुलगा कुणा पुरुषाच्या भरदार, खेळकर आवाजात बोलत होता. मामाचा नाही, काकाचाही नाही. अनोळखी आवाजाने आपल्याला रडू का येतंय, तिला कळेना.

"हा कोण आहे, बाबा?"

त्यांनी तिचा हेडफोन कानांना लावला. यंत्र मांडीवरच राहिलं.

मग तिला दिसलं, पडद्यावरच्या मुलाबरोबर बाबांचेही ओठ हलत होते.