वाढ

संगमनेरच्या दुकानात जयमालाने गाडीत लावायच्या लहान मुलांच्या एकेका सीटमध्ये लेकीला बसवून पाहिलं.

“गाडी कोणती तुमची?” दुकानदाराने विचारलं.

“गाडी न्हाई. पोरगी मान धरत न्हाई, तिला घरातच बसवायचीय.”

घरी पट्टा लावून बसवल्यावर लेकीने पहिल्यांदाच दारातून रस्ता पाहिला आणि ती खुदकन हसली.

चार वर्षांनी पट्टा लागेना. जयमालाने दुकानदाराला फोन केला.

“याहून मोठी येत नाही, ताई. एवढी मुलं आपली आपण बसतात.”

लेक वाढतेय, एवढंच जयमालाच्या मनात घोळत राहिलं. दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी भरवताना लेकीने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. वाटी अजून निम्मी भरलेली होती.

“संपलं गं माझी बाय,” म्हणत जयमालाने वाटी आपल्या पाठीमागे सरकवली.