बाटलीचं वय

जुन्या बाटल्या जमवणाऱ्या नाडकर्णींनी शैलजाची सॉसची बाटली उजेडात धरून साच्याच्या सांध्यावरून नख फिरवलं.

“बघा ताई, सांधा गळ्यापाशीच संपतो. म्हणजे तोंड नंतर हाताने घडवलंय. शंभरी उलटली हिची! आणि ही उठावाची अक्षरं मळाखाली दडली होती. म्हणून सोड्यात भिजवून आतून-बाहेरून लख्ख घासली.”

शैलजाने झटकन बूच काढलं आणि बाटली नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

“आई हिच्यात माक्याचं तेल ठेवायची,” ती म्हणाली. “ती गेल्यापासून रोज बूच काढून तेवढा वास घेत होते मी. तुम्हाला नुसतं वय विचारलं होतं.”

नाडकर्णी हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिले.

निघताना शैलजाने सवयीने बूच पुन्हा घट्ट दाबून बसवलं.