तयार मृत्युलेख

आमच्या वर्तमानपत्रात म्हाताऱ्या लेखकांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. माझी पाळी आली तेव्हा उपसंपादक बाई म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुमचा तुम्हीच लिहून द्या. आम्ही लिहिला तर चुका काढायला तुम्ही नसाल."

चाळीस वर्षं मी परीक्षणं स्वतःच्या नावानं लिहिली, आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या कथांची चार पुस्तकं टोपणनावानं. ज्याच्याबरोबर तीस वर्षं एका घरात राहिलो तो मास्तर मला चिडवायचा, "जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नावं ठेवलीस, आणि स्वतःच्या पुस्तकांवर नाव घालायला काही धजला नाहीस."

मेल्यावर कोण काय बोलणार, म्हणून मृत्युलेखात मी सगळं लिहिलं. ती चारही पुस्तकं माझीच, हे लिहिलं. आणि शेवटी, 'त्यांच्या मागे त्यांचा जोडीदार आहे.' मास्तरला वाचून दाखवलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे छापून आलेलं बघायला मला तुझ्या मागे राहावं लागणार की रे!"

मास्तर मार्चमध्ये गेला.

आठवड्याभरानं बाईंचा फोन आला. त्या चाचरत होत्या. "काका, ती शेवटची ओळ आता चुकीची ठरते. काढू ना?"

"काढा."

"त्या जागी काय टाकू?"

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नेहमीचंच टाका," मी म्हणालो. "ते अविवाहित होते."