मांडवातली अरुंधती

डॉक्टरांनी कोकिळा गेल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या खिशात फिरत्या तारांगणाचे दोन मोफत पास होते. पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी ते बुलढाण्याला कॉलेजच्या मैदानावर येणार होतं. मला बायकोला अरुंधती दाखवायची होती.

आमचं लग्न भर दुपारी लागलं. भटजी म्हणाले, "नवरीला अरुंधतीचा तारा दाखवा." मी मांडवाच्या कापडातल्या भोकाकडे बोट केलं. भटजींनी विचारलं, "दिसली का?" कोकिळा लगेच "हाव" म्हणाली. पुढं बेचाळीस वर्षं ती मला चिडवायची, "भोक दाखवलं तुम्ही मले! पंगत खोळंबली होती, म्हणून हाव म्हटलं."

दुसऱ्या पासवर नात प्रतीक्षा आली. फुगवलेल्या तंबूत अंधार झाला आणि भर दुपारी तारे निघाले. तिथल्या सरांनी सप्तर्षी दाखवले, मग वसिष्ठाला चिकटलेली अरुंधती दाखवली. मी पुढंच बसलो होतो. त्यांनी मलाच विचारलं, "आजोबा, दिसली का?"

"हाव," मी म्हणालो.

प्रतीक्षा कानाशी लागली. "आबा, चष्मा तर घरीच राह्यला तुमचा. मग हाव काऊन म्हटलं?"

"एवढे लोक खोळंबले होते ना."

ती खुदकन हसली. "आजीवरच गेले तुम्ही!"

चष्मा माझ्या खिशात घालायचं काम कोकिळाचं होतं. अरुंधती आम्हा दोघांचीही पाहायची राहिली.