राखुंडी उठेपर्यंत

राखुंडी झोपली होती. आणि ती उठेपर्यंत देवरावांना आपल्या बायकोला काहीच सांगता येणार नव्हतं.

बातमी तर ओठांवर येऊन नाचत होती. आत्ताच गच्चीवर लेकीचा फोन आला होता. "बाबा, बदली झाली! चंद्रपूर सुटलं, कोराडी भेटली! आज संध्याकाळीच सामान घेऊन येऊन राहिली मी!" पुढचं ऐकायच्या आतच देवरावांनी हर्षाच्या भरात फोन बंद केला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. पाच वर्षांनी रोशनी घरी राहायला येणार होती. ज्या वीज केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं पाळ्या केल्या, तिथेच इंजिनिअर म्हणून. 'प्रेमिला' असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच हाताने दाबून धरलं.

आज अबोल्याचा अकरावा दिवस होता.

भांडण झालं होतं ते राखुंडीवरूनच. ही राखेच्या रंगाची मांजर झोपेत नाना आवाज काढायची. देवराव म्हणाले, "स्वप्न पाहून राहिली." प्रेमिला म्हणाली, "मांजरीले कायचं स्वप्न? पोटात वाऱ्याचा गुबारा धरला हाय." "तुले का समजते त्यातलं?" "अन् तुम्हाले लय समजते!" झालं. त्या घडीपासून दोघांची तोंडं दोन दिशांना. आधी बोलेल तो हरला.

पण संसार म्हटला की मीठ-मिरची आली, चहा-पाणी आलं. मग निरोप राखुंडीच्या हाती जाऊ लागले. "राखुंडे, सांग त्याईले, ताट वाढलं." "राखुंडे, सांग तिले, वरणात मीठ नाही." राखुंडी डोळे मिचकावायची. निरोप पोचला.

ती झोपली की मात्र टपाल बंद. आणि तिला उठवायची सोय नव्हती, कारण हे घर पाळीवाल्याचं होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की त्याला उठवायचं नाही, हा इथला कायदा. चौतीस वर्षं प्रेमिलेने दिवसाढवळ्या कुजबुजत संसार केला होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून भाकरी थापल्या. शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजवला. तान्ही रोशनी रडली की तिला काखेत घेऊन शेजारी पळाली. नोकरी संपली, कायदा राहिला. आता तो राखुंडीलाही लागू होता.

म्हणून देवराव दिवाणाजवळ फतकल मारून बसले आणि मांजर उठायची वाट पाहू लागले.

खण्ण! स्वयंपाकघरात झाकणी पडली. देवराव दचकले. मांजर दचकली नाही.

ठण् ठण् ठण्! खलबत्ता सुरू झाला. मग वाट्या आपटल्या. मग डब्यांवर डबे. देवरावांचं काळीज लकलकलं. या बाईच्या हातून कुणी झोपलेलं असताना कधी चमचा वाजला नव्हता, आणि आज सगळी मांडणी वाजत होती! म्हणजे राग उतरला तर नाहीच, उलट माथ्यावर चढला. आता ही बोलत नाही. लेक येईल आणि आईबाप भिंतीकडे तोंड करून बसलेले पाहील.

इकडे राखुंडीला रंग चढला. आधी शेपटी हलली. मग मिशा हलल्या. मग पंजे हलले. "कुर्र," ती म्हणाली. "कुर्र कुर्र, चक् चक् चक्!" झोपेतच तिने हवेत कोणाला तरी पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं. देवरावांना हसू आवरेना. त्यांनी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात प्रेमिला परात घेऊन दारात आली. तिने देवरावांकडे पाहिलं नाही. राखुंडीकडे पाहिलं. आणि उभ्या उभ्या परात हातातून सोडली.

धडाड्‌ड्! परात फरशीवर पडली, उठली, गिरक्या घेत घेत अख्ख्या खोलीत घणघणत फिरली. शेजारचं कुत्रं भुंकलं. राखुंडीने फक्त कूस बदलली, चारी पाय वर केले आणि गळ्यातल्या गळ्यात "मिऑऽऽव" असं लांबलचक गाणं काढलं.

दोघांची नजरानजर झाली. देवरावांनी तोंडातला टॉवेल उपसला.

"गुबाराच हाय वं तो!" ते ओरडले. "तूच जितली! गुबाराच हाय!"

"कायचा गुबारा?" त्याच दमात प्रेमिलाही ओरडली. "स्वप्न हाय ते! तुमचंच खरं!"

"गुबारा म्हनतो ना मी!"

"अवो, स्वप्न हाय म्हनते ना मी! पंजे पाहा ना तिचे!"

"जाऊ दे ते!" देवराव गुडघ्यांवर उठले. डोळे भरून आले होते आणि हसूही फुटत होतं. "रोशनी येऊन राहिली! बदली झाली तिची! आजच येते!"

प्रेमिला मटकन खाली बसली. पण तिने 'कधी' विचारलं नाही, 'कुठे' विचारलं नाही. पदर तोंडाला लावून ती नुसती गदगदा हलत होती. रडते की काय, म्हणून देवरावांनी वाकून पाहिलं. ती हसत होती.

"मले तुमच्या आधीच फोन आला होता तिचा," ती म्हणाली. "तुम्हाले सांगाव म्हून कवाची भांडे आपटून राहिली मी, पन ही कुंभकर्णाची बहीण उठनच तर शपथ!"